अजिंक्यतारा ते संगम माहुली : भाऊबंदकीच्या जागा एका दिवसात कशा बघाव्यात

साताऱ्यात कुणालाही विचारा, संध्याकाळनंतर न जाण्याच्या जागांची यादी लगेच मिळते. अजिंक्यतारा गडावरचा पडका वाडा, मंगळाईच्या बाजूचा तट, माहुलीचा घाट, नदीपात्रातल्या समाध्या. कुणी बाईचं रडणं ऐकलेलं असतं, कुणाला मागून हाक आलेली असते, कुणी दिवा हलताना पाहिलेला असतो. यातल्या बऱ्याच जागा एकाच घराच्या भांडणाशी जोडलेल्या आहेत, हे मात्र सांगणाऱ्याच्या फारसं लक्षात नसतं. ते भांडण नीट माहीत करून घेऊन गेलात तर दगड बोलायला लागतात. नाहीतर हाती लागतं ते एवढंच : पडकी जोती आणि वाऱ्याचा आवाज.

म्हणून निघण्याआधी अर्धा तास काढून नाती पक्की करा. कागदावर वंशवेल काढली तर फारच बरं. वर शिवछत्रपती. त्यांचे दोन मुलगे, संभाजी आणि राजाराम. संभाजी महाराज आणि येसूबाई यांचा मुलगा शाहू. राजाराम महाराजांना ताराबाईंपासून शिवाजी आणि राजसबाईंपासून संभाजी. म्हणजे ताराबाई शाहूंची चुलती आणि राजसबाई ताराबाईंची सवत. पुढची ५० वर्षं या चौकटीतली माणसं एकमेकांना कैद करत राहिली.

औरंगजेब १७०७ च्या मार्चमध्ये वारला आणि शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले. ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवलं. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडला लढाई झाली, धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि ताराबाईंची बाजू पडली. शाहू तडक साताऱ्यावर आले. किल्ला शेख मिऱ्याच्या ताब्यात होता. त्याची बायकामुलं वाईहून धरून आणली आणि तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिली, तेव्हा त्याने दरवाजा उघडला अशी हकिकत सांगितली जाते. १२ जानेवारी १७०८ ला शाहूंचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला.

ताराबाई कोल्हापूरकडे सरकल्या, पण तिथे १७१४ मध्ये राजसबाईंनी त्यांना मुलासकट पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. तो मुलगा कैदेतच गेला. पुढे वारणेच्या तहाच्या सुमारास, म्हणजे १७३०-३१ च्या आसपास, ताराबाई साताऱ्याला आल्या. मान होता, मोकळीक नव्हती.

शाहूंना मुलगा नव्हता. तेव्हा ताराबाईंनी सांगितलं की आपला एक नातू लपवून वाढवलेला आहे. तो रामराजा. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू वारले. थोरल्या राणी सकवारबाईंना रामराजा गादीवर नको होता. आपला बेत झाकण्यासाठी त्यांनी सती जाण्याची भाषा केली होती, आणि पेशव्यांच्या पक्षाने त्यांना त्याच शब्दांत पकडलं असं इतिहासकार लिहितात. त्या सती गेल्या. रामराजा छत्रपती झाला. पण तो आपल्या सांगण्याप्रमाणे चालत नाही असं दिसताच २४ नोव्हेंबर १७५० ला, चंपाषष्ठीच्या निमित्ताने गडावर बोलावून ताराबाईंनी त्याला तिथेच अडकवला. गडावरच्या शिबंदीतल्या काहींनी बंड केलं, तेव्हा त्यांचा म्होरक्या आनंदराव जाधव याचं डोकं उडवण्यात आलं. दमाजी गायकवाड ताराबाईंच्या मदतीला आले, १७५१ मध्ये वेण्णेकाठी पेशव्यांनी त्यांना गाठलं. शेवटी सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर ताराबाईंनी शपथ घेतली की रामराजा आपला नातू नव्हेच. डिसेंबर १७६१ मध्ये त्या वारल्या. रामराजाची कैद सैल झाली ती त्यानंतर, थोरल्या माधवरावांच्या काळात.

एवढं डोक्यात असलं की दोन जागा पुरतात. कैदेची जागा वर गडावर, आणि राखेची जागा खाली संगमावर.

क्रम आणि वेळ

आधी गड, मग माहुली. उलटं करू नका, याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे माहुलीच्या घाटावर सकाळी दशक्रिया, पिंडदान, अस्थिविसर्जन चालू असतं. लोक दुःखात असतात, तिथे गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणं शोभत नाही. चारनंतर घाट मोकळा होतो. दुसरं कारण गडाचं : ऊन चढलं की कड्यावरची आग्या मोहोळं चिडखोर होतात. सकाळच्या गारव्यात त्या मानाने शांत असतात.

साधारण बेत असा. उजाडताना गडाच्या पायथ्याशी. दहा-साडेदहापर्यंत खाली. जेवण, विश्रांती, आणि वेळ असेल तर बस स्थानकाजवळचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय. चारला माहुली. सूर्यास्ताला घाट सोडायचा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, मे महिन्यात सातच्या, त्याप्रमाणे मागे हिशेब करा.

महिना निवडताना इथे एक अडचण येते. गडासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पण पात्रातल्या समाध्या बघायला नदी उतरलेली हवी, आणि ती खरी उतरते फेब्रुवारीनंतर. दोन्ही साधायचं तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा पहिला पंधरवडा. जुलै ते सप्टेंबर माहुली लांबूनच बघा. संगमावर कृष्णा आणि वेण्णा मिळतात. कृष्णेवर वर धोम धरण आहे, वेण्णेवर कण्हेर. साताऱ्यात थेंब पडत नसतानाही दोन्हीकडून विसर्ग सुटला की इथलं पाणी चढतं. धरणातून पाणी सोडल्याची सूचना जिल्हा प्रशासन देतं आणि स्थानिक वर्तमानपत्रांत ती येते. ती न बघता पावसाळ्यात पात्रात उतरणाऱ्या माणसाला भुताच्या तावडीत सापडायची काही गरज नसते.

गडावर

गावातून अदालत वाड्याच्या बाजूने पायवाट चढते आणि वर डांबरी रस्त्याला मिळते. गाडी जवळजवळ दरवाजापर्यंत जाते. पण एकदा तरी चाला. तासाभराची चढण आहे, आणि गड शहराच्या किती डोक्यावर आहे ते पायांनाच कळतं. शाहूंनी खाली शाहूनगर वसवलं, आणि वर चुलती. दोघांना रोज एकमेकांच्या घरावरचा धूर दिसत असणार.

प्रत्येकी दोन लिटर पाणी खालूनच घ्या. गडावर सात तळी आहेत, पण उन्हाळ्यात ती आटतात आणि इतर वेळीही ते पाणी पिण्यालायक समजू नका. घोट्यापर्यंत येईल अशी जाड पँट, घोट्यावर येणारे बूट, टोपी, आणि अंगभर फिकट रंगाचे कपडे. अत्तर, बॉडी स्प्रे, सुवासिक तेल नको. मधमाश्यांना ते आवडत नाही, आणि पळताना आपल्यालाही आवडत नाही.

दरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत आहे. आत शिरल्यावर दोन्ही हातांना पहारेकऱ्यांच्या देवड्या दिसतील. थेट पुढे जाऊ नका. देवडीत टॉर्च मारा आणि छताकडे बघा. वटवाघळं असतील तर खाली लेंडी पडलेली असते आणि उग्र वास येतो. अशा ठिकाणी आत जाऊन बसू नका. वाळलेली लेंडी पायाने उडाली की तिची धूळ फुप्फुसात जाते. कुणीतरी दरवाजात ‘पंख्यासारखा आवाज’ ऐकल्याचं सांगतं, त्याचं उत्तर इथे छताला उलटं लटकलेलं असतं.

आत उजव्या हाताला मारुतीचं देऊळ आहे, डावीकडे महादेवाचं. समोर प्रसारभारतीचं केंद्र आणि त्याचे मनोरे. हे मनोरे लक्षात ठेवा. हल्ली काही मंडळी हातात ईएमएफ मीटर, म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, घेऊन येतात, दिवे लागले की ‘इथे काहीतरी आहे’ म्हणतात. आहे की, प्रक्षेपणाचं केंद्र आहे. असला मीटर गडावर कुठेही वाजेल, मोबाइलच्या शेजारीही वाजेल. तो घरी ठेवा.

मनोऱ्यांना मागे टाकून मंगळाईच्या देवळाकडे जाणारी वाट धरा. याच वाटेवर ताराबाईंच्या वाड्याचे अवशेष आहेत. इथे बरेच लोक दोन फोटो काढून पुढे जातात. थांबा, कारण आलात ते यासाठीच. आधी जोत्याच्या कडेकडेने एक फेरी मारा. आत पाऊल टाकू नका. गवत वाढलेलं असतं, खाली ढासळलेले दगड असतात, आणि त्या दगडांच्या सापटीत घोणस किंवा फुरसं असण्याची शक्यता भुतापेक्षा खूपच जास्त आहे. काठीने समोरचं गवत हलवत, पाय आपटत चाला. फेरीत तीन गोष्टी शोधा. भिंतींची जाडी कुठे बदलते, दगड घडीव कुठे आहे आणि ओबडधोबड कुठे, आणि चुना कुठे टिकलाय. घडीव दगड आणि चुना जिथे जास्त, तिथे राहण्याचा किंवा बसण्याचा भाग. कोठाराच्या भिंती जाड आणि उघडझापीला कमी जागा. अमुक खोलीतच रामराजाला ठेवलं होतं असं छातीठोकपणे सांगणारा भेटला तर हसून पुढे व्हा. जोत्यावरून कैद्याची खोली ओळखता येत नाही.

पुढे मंगळाईचं देऊळ आणि त्याच बाजूला मंगळाईचा बुरूज. या बुरुजाची दहशत भाऊबंदकीच्या आधीची आहे. डिसेंबर १६९९ पासून औरंगजेबाचा वेढा होता, आत प्रयागजी प्रभू किल्लेदार. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. पहिल्या स्फोटात मराठे दगडाखाली सापडले, प्रयागजीही गाडले गेले, पण जिवंत निघाले. दुसऱ्या स्फोटाने तट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि चढायला खाली जमलेले मोगलच त्याखाली चिरडले. एका दिवसात हजारावर माणसं गेली. त्यामुळे या बाजूला ‘किंकाळ्या ऐकू येतात’ असं म्हणणाऱ्यांनी निदान जागा तरी बरोबर निवडली आहे.

किंकाळ्यांचं म्हणाल तर, गव्हाणी घुबडाचा आवाज एकदा मोबाइलवर ऐकून या. खरखरीत, लांब, घसा फाटल्यासारखा. लांबून येणारी मोराची केका रात्री बाई ओरडल्यासारखी वाटते. रातवा जमिनीवर बसून एकाच लयीत टकटक करत राहतो, आणि ती लय पावलांची वाटायला वेळ लागत नाही. समोरच्या डोंगरावर हलणारे दिवे म्हणजे यवतेश्वरच्या घाटातल्या गाड्या. वळणावर दिवा दिसतो, नाहीसा होतो, वर पुन्हा दिसतो. स्थिर दिवे सज्जनगडाकडचे.

देवळापासून तटाच्या कडेने प्रदक्षिणा घाला. दक्षिणेकडचे दोन दरवाजे एकाखाली एक आहेत, कराडच्या रस्त्याकडून येणारी वाट तिथे वर येते. जवळच तळी आहेत. सगळा फेरा दीड तासाचा. तटावर चढू नका. वरचे दगड चुन्यावाचून नुसते एकमेकांवर बसलेले असतात, आणि फोटोसाठी पाठ बाहेर करून उभं राहणाऱ्याला ते सांगून हलत नाहीत. तळ्यांवर हळदकुंकू वाहिलेले सात दगड दिसले तर त्या आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता. त्यांना हात लावू नका, त्यावर बसू नका, आणि तळ्यात उतरू नका. आसरांवर विश्वास असो वा नसो, शेवाळलेल्या टाक्यात पाय घसरला की वर यायला कठडा नसतो.

माश्या, साप, आणि पडणं

खऱ्या धोक्यांचं एकदाच सांगून टाकतो. माश्या उठल्या तर हातवारे करू नका, झाडलं की जास्त येतात. ओढणी किंवा शर्ट डोक्यावरून घेऊन तोंड झाका आणि एकाच दिशेने पळत सुटा, पण कड्याच्या दिशेने नव्हे. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, वर येईपर्यंत त्या घोंगावत राहतात. काटे नखाने किंवा एटीएम कार्डाने लगेच काढा. कसे काढता यापेक्षा किती लवकर काढता हे महत्त्वाचं. तोंड सुजलं, श्वास अडकला, चक्कर आली, तर डंख एक असो की पन्नास, १०८ ला फोन.

साप चावला तर माणसाला आडवं करा, हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठी-कडं-बूट काढा. दोरीने आवळणं, ब्लेडने कापणं, चोखणं, काहीही नको. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याचीही गरज नाही. मांत्रिकाकडे वळवलेली गाडी हा साताऱ्याच्या आसपास आजही मरणाचा राजमार्ग आहे.

आणि आसपासच्या डोंगरांत बिबट्याचा वावर आहे. म्हणून काळोख पडल्यावर गडावर थांबू नका. मुलांना पुढे किंवा मागे एकटं सोडू नका.

संगम माहुली

पोवई नाक्यापासून अंतर पाचेक किलोमीटर. कोरेगावकडे जाणाऱ्या एसटीने माहुलीला उतरता येतं, रिक्षाही मिळते. जाण्या-येण्याचं भाडं आधीच ठरवून घ्या. संध्याकाळी तिथून रिकामी रिक्षा मिळेलच असं नाही, आणि रात्री माहुलीला येण्यासाठी काही रिक्षावाले सरळ नाही म्हणतात.

नदीच्या दोन काठांना दोन माहुली आहेत, हे न कळल्यामुळे लोक भलत्या बाजूला उतरतात. पश्चिमेकडची, साताऱ्याच्या बाजूची, ती संगम माहुली. पलीकडची क्षेत्र माहुली, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल त्यांच्या चुलत्याला देहांत प्रायश्चित्त सुनावणारा न्यायाधीश याच घाटांवर वाढला. दुसऱ्या घराची दुसरी भाऊबंदकी, पण तिचाही धागा इथपर्यंत येतो. आपल्याला बघायच्या समाध्या संगम माहुलीच्या बाजूला.

तिथे पाय ठेवण्याआधी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. ही जागा बंद पडलेली नाही. सातारकरांची स्मशानभूमी इथेच आहे, आजही चिता जळतात. तुम्ही जिला ‘गूढ’ म्हणताय ती जागा समोरच्या माणसासाठी काल-परवा वडिलांना पोचवून आलेली जागा आहे. म्हणून चितेचा, प्रेताचा, मुंडण केलेल्या माणसाचा फोटो काढू नका. मोठ्याने हसू नका, रील बनवू नका, ड्रोन उडवू नका. कावळ्याला ठेवलेल्या पिंडाच्या आसपास उभं राहू नका. कावळा शिवला नाही तर घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि तुम्ही त्याला उडवून लावलेलं असतं.

सुरुवात विश्वेश्वराच्या देवळापासून करा. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी ते १७३५ मध्ये बांधलं, म्हणजे शाहूंच्या हयातीतलं. सभामंडपाचे खांब, नंदी आणि दीपमाळ बघून घाटाच्या पायऱ्या उतरा. पायरीच्या मधोमध चाला. कडेला शेवाळ असतं आणि झिजलेल्या दगडाचा उतार नदीकडे असतो. चपला हातात घेण्यापेक्षा पट्ट्याच्या घाला.

समाध्या घाटाखाली, पात्राच्या अंगाला आहेत. छत्रपती शाहूंची, ताराबाईंची, येसूबाईंचीही माहुलीलाच. मोठी छत्री, संगमरवर, माहितीफलक अशा अपेक्षेने गेलात तर समोरून जाऊनही कळणार नाही. काळ्या दगडाचे चौथरे आहेत, पुराच्या गाळाने वर्षानुवर्षं झाकले जाणारे. कोणता कुणाचा हे स्वतःच्या अंदाजाने ठरवू नका, देवळातल्या गुरवाला किंवा घाटावरच्या जाणत्या माणसाला विचारा, आणि दोघांना वेगवेगळं विचारा. उत्तरं जुळली तर ठीक.

पुतणा आणि चुलती, ज्यांनी एकमेकांना तोतया आणि कैदी ठरवलं, ते शेवटी हाकेच्या अंतरावर आहेत. घाटावरच्या बाईच्या रडण्याची गोष्ट बहुतेक जण सकवारबाईंच्या सतीशी जोडतात. ती गोष्ट ऐकून अंगावर काटा येत असेल तर तो भुतामुळे यायचं कारण नाही. राजकारणात नको झालेली विधवा तिच्याच शब्दांत अडकवून चितेवर चढवली गेली, एवढं पुरे आहे.

शाहूंच्या खंड्या कुत्र्याचा चौथराही बघून घ्या. शिकारीत वाघापासून वाचवलं म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला अशी कथा आहे. जवळ जाऊन वाकून बघा : वर दगडी कुत्रा आहे. त्याला हात लावू नका.

संध्याकाळी पात्रात टिटवी ओरडते. तिचं ओरडणं अशुभ मानतात, पण ती वाळूत अंडी घालते आणि तुम्ही तिच्या अंड्यांजवळ आलात एवढंच तिचं म्हणणं असतं. खाली बघून चाला. पाण्यावर फिरणारे उजेड मासे धरणाऱ्यांच्या बॅटऱ्यांचे.

अमावास्येला, त्यातही सर्वपित्रीला, इथे येऊ नका. भीतीपोटी म्हणत नाही, गर्दी असते. वाटेवर उतारे पडलेले असतात : भाकरी, भात, कुंकू लावलेलं लिंबू, कधी काळ्या रंगाची बाहुली. ओलांडू नका आणि लाथही मारू नका, बाजूने जा. लिंबात टाचण्या खोचलेल्या असतात आणि त्या चपलेतून आरपार जातात.

रात्रीच यायचं असेल तर

गडावर नाहीच. माहुलीला देवळाजवळ, वरच्या पायरीपर्यंत, पौर्णिमेच्या आगेमागे तासभर बसता येतं. निदान चौघं असा, गावात कुणाला तरी सांगून या, आणि पोलीस ठाण्यात कळवून ठेवलं तर उगाच चौकशीचा ससेमिरा लागत नाही. दारू पिऊन येणाऱ्यांना गावकरी हुसकावतात, ते योग्यच करतात.

ऐकलेल्या गोष्टी तपासायच्या असतील तर सोपी पद्धत आहे. तिघांनी तीन जागी, किमान वीस पावलांच्या अंतराने बसायचं, न बोलता. प्रत्येकाच्या मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू, घड्याळं जुळवलेली. आवाज ऐकू आला की वेळ, दिशा आणि वारा कुठून होता एवढंच लिहायचं. कसला आवाज वाटला ते लिहू नका, तिथेच सगळं बिघडतं. एकाने ‘रडणं’ म्हटलं की बाकीच्यांनाही रडणंच ऐकू येतं. नंतर तिन्ही मुद्रणं एकत्र ऐका. आवाज एकाच मोबाइलमध्ये असेल तर तो त्याच्या शेजारीच झालेला. तिन्हींत असेल तर दिशेवरून जागा काढता येते, आणि सकाळी तिथे जाऊन बघता येतं. बहुतेक वेळा ढोली, बिळं, फाटका पत्रा, नाहीतर पुलावरून गेलेला ट्रक.

मागून हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ देऊ नये म्हणतात. तो नियम पाळायला हरकत नाही. तोवर मित्र जवळ येतो.

कुणी पैसे घेऊन ‘आत्मा बोलावून दाखवतो’, ‘बाधा उतरवतो’ म्हणत असेल तर तो गुन्हा आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्राला मिळाला तो ज्यांच्या लढ्यामुळे आणि बलिदानानंतर, ते नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. भुताखेतांना आवाहन करून घबराट पसरवणं त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे आणि शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद, शिवाय दंड. समाजमाध्यमांवर हजारो लोकांना घाबरवून पैसे मिळवणाऱ्यांनीही तो एकदा वाचावा.

समाध्यांचं खरं नुकसान भुतांनी नाही, गुप्तधनाच्या वेडाने केलंय. चौथऱ्याचा चिरा सरकवलेला, मधोमध खड्डा, शेजारी लिंबू-नारळ असं दिसलं तर काहीही न हलवता लांबून फोटो काढा आणि ११२ ला कळवा. जुन्या समाधीत घागरीभर मोहरा नसतात. राख असते, तीही बहुधा नदीने नेलेली.

परतताना, रेल्वेने आला असाल तर पुन्हा शहरात जायची गरज नाही. सातारा स्टेशन माहुलीच्याच बाजूला, नदीपलीकडे आहे. सामान सकाळी हॉटेलातून उचलून रिक्षात ठेवा, घाट झाल्यावर पूल ओलांडा आणि थेट स्टेशनात जा. पुणे–मिरज मार्गावरच्या सगळ्याच गाड्या इथे थांबत नाहीत, तेव्हा वेळापत्रक आदल्या दिवशीच बघून ठेवा.